मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्सच्या नोट्स मराठीत करून वाटल्या तर चालेल का?

रात्रशाळा_परळ:
जरा लवकर सांगा, सोमवारी वर्ग सुरू होतोय. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचीय. कोर्स उत्तम आहे, पण सगळा इंग्रजीत. मुलं दिवसभर काम करून येतात, इंग्रजी पान बघितलं की वही मिटतात. नोट्स मराठीत करून झेरॉक्स द्यायच्यात. चालेल ना?

दादरकर:
कोर्स कोणता? फुकट आहे म्हणजे मोकळा आहे असं नसतं. कोर्सेरासारख्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचं साहित्य फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी असतं. पानाच्या तळाशी सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची मोकळीक) परवाना लिहिलाय का बघा.

बोरिवली_फास्ट:
कोण विचारतंय? डाउनलोड करा, वाटून टाका.

वकीलताई:
असले सल्ले देऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी प्रती काढायची सवलत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात तेच धरलं.

दादरकर:
ताई, ते प्रतींचं झालं. यांना भाषांतर करायचंय.

पवईकर:
आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल घ्या. मराठीतही आहे, परवाना सीसी बाय-एसए, म्हणजे मूळ नाव द्या आणि त्याच परवान्याखाली वाटा.

रात्रशाळा_परळ:
मुलांकडे लॅपटॉप नाहीत हो, कागदच हवा. कोर्स अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरचा आहे.

पवईकर:
स्पोकन ट्युटोरियलच्या स्क्रिप्ट लिखित मिळतात, त्याच छापा की!

दादरकर:
एमआयटीचं आधी सांगायचंत! तो बाय-एनसी-एसए आहे (एनसी म्हणजे कमाईसाठी वापर नको), भाषांतर खुशाल करा. मूळ कोर्सचं नाव, दुवा, भाषांतर केल्याचा उल्लेख द्या आणि मराठी नोट्सही त्याच परवान्याखाली ठेवा. काही चित्रांखाली ‘आमच्या परवान्यात नाही’ असं लिहिलेलं असतं, तेवढी गाळा.

बोरिवली_फास्ट:
एनसी म्हणजे झेरॉक्सचे पैसेही घेता येणार नाहीत.

वकीलताई:
चूक. मुख्य हेतू कमाईचा नसावा, एवढंच परवान्यात आहे. कागदाचा खर्च घेणं ही कमाई नव्हे.

रात्रशाळा_परळ:
दादरकर, टायपिंगवाला श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, करून पीडीएफ देतोय. घेऊ?

दादरकर:
नको! युनिकोडमध्येच (मोबाइलवरचं मराठी असतं तसं) करून घ्या आणि वर्ड फाइल मागून ठेवा. श्रीलिपीची पीडीएफ कॉपी केली की नुसती चिन्हं येतात. दुसऱ्या शाळेला एक ओळ बदलायची झाली तरी सगळं पुन्हा टाइप करावं लागेल.