माहुली : शिडीने चढून कल्याण दरवाजाने उतरण्याबद्दल

काहीजण सुचवतात की माहुली किल्ल्यावर शिडीने चढून कल्याण दरवाजाने उतरलं की एका दिवसात मस्त फेरी होते. कागदावर होते हो! पण कल्याण दरवाजाची बाजू दोराशिवाय आणि प्रस्तरारोहण येणाऱ्या माणसाशिवाय करू नका. शिडीच्याच वाटेने परत या. तीही काही सोपी नाही. ठाण्याहून पहिली कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलो, तरी शिडीपाशी पोचेस्तोवर लोखंड हाताला चटके देत होतं. उतरताना घसाऱ्यावर टाच रोवली की मुरूम भुसभुशीत सरकतो. माझ्या बुटाचा तळ तिथेच उसवला, उरलेली वाट रुमाल बांधून. माणशी तीन लिटर पाणी घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर काठीही.