जनावरांच्या ॲक्युपंक्चरचा पुढचा कोर्स करावा का?

मृणाल, इंदूर

नमस्कार. मी पशुवैद्य आहे, महूच्या कॉलेजची. सुदामा नगरात छोटं क्लिनिक आहे, येणारी बहुतेक कुत्री-मांजरं. तीन वर्षांपूर्वी ॲक्युपंक्चरचा पायाभूत कोर्स केला. आता पुढच्या कोर्सला नाव घालावं असं मनात आहे. त्यात जिभेवरून आणि नाडीवरून चिनी पद्धतीचं निदान, पाच तत्त्वं वगैरे खोलात शिकवतात. फी बरीच आहे, म्हणून आधी ज्यांनी केलंय त्यांना विचारते.

सुया मला लावता येतात, पण मी ते ठरलेल्या मसाल्यासारखं करते. कंबर धरली की बाइ-हुई आणि बीएल-२३ हे बिंदू, मागचा पाय लुळा पडला की एसटी-३६. हेच बिंदू का, दुसरे का नाहीत, हे कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही.

मागच्या वर्षी दोन डॅशहुंड आले, दोघांचीही पाठीची चकती सरकलेली. पहिला गोट्या, आमच्या गल्लीतल्या आजींचा. दुखणं कळतं का बघायला मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरल्याबरोबर मान वळवून माझ्यावर धावला. त्याला पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, औषधं आणि जोडीला सुया दिल्या. चौथ्या बैठकीला सुया लावून त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, तेवढ्यात आजींनी हाक मारली आणि शेपटीचं टोक हललं. जेमतेम बोटभर. सहाव्या बैठकीनंतर तो उभा राहिला.

दुसऱ्याच्या वेळी माझी चूक झाली. चिमटा घेतल्यावर त्याने पाय मागे ओढला आणि मी ‘संवेदना आहे’ असं लिहून ठेवलं. पण त्याने वळून पाहिलं नव्हतं, कुईसुद्धा केलं नव्हतं. तो नुसता प्रतिक्षेप होता. मेंदूपर्यंत दुखणं पोचतच नव्हतं. सुया लावण्यात मी दोन दिवस घालवले आणि मग ऑपरेशनला पाठवलं. आज तो चाकांच्या गाडीवर फिरतो. घरच्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण मला ते विसरता येत नाही.

पुढचं शिक्षण घेतलेलं असतं तर ही चूक टळली असती का? की आधी दुसरंच काही शिकायला हवं?

विवेक, पुणे

मृणालताई, मी तो कोर्स केलाय. तुमची चूक त्याने टळली नसती. ती न्यूरॉलॉजीच्या तपासणीतली चूक आहे आणि तिचा इलाज तिथेच आहे. जीभ बघून खोल वेदना आहे की नाही हे कुणालाच कळत नाही.

मात्र तुमची मसाल्याची अडचण या कोर्सने सुटते. जुनाट संधिवाताचे दोन लॅब्रॅडॉर घ्या. एकाचा त्रास थंडी-पावसात वाढतो, तो उन्हात जाऊन पडतो, जीभ फिकट जांभळी. दुसरा गार फरशी शोधतो, रात्री धापा टाकतो, जीभ लाल आणि कोरडी. एक्स-रे सारखाच असला तरी चिनी पद्धतीत हे दोन वेगळे पेशंट. पहिल्यात थंडी आणि ओल सांध्यांत शिरली, दुसऱ्यात यिन, म्हणजे शरीरातला गारवा आणि ओलावा, कमी पडलं असं म्हणतात. ओल लागली की सांधे धरतात हे आपल्या आज्याही म्हणायच्याच. बिंदू या फरकावरून निवडायचे. नाडीसाठी कुत्र्याच्या मागे बसून दोन्ही हातांनी दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूची धमनी एकाच वेळी धरायची आणि डाव्या-उजव्याची तुलना करायची. हे वाचून येत नाही, कुणीतरी तुमच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवावं लागतं. माझी फी तिथे वसूल झाली.

जिभेबद्दल एक सावधगिरी. फिकी जीभ दिसली की चिनी भाषेत ‘रक्त कमी’. आपल्याकडे त्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि गोचीडतापाची टेस्ट करायचीच. आणि चाऊ-चाऊची जीभ मुळातच निळी-काळी असते, तिथे रंगावरून काहीच बोलू नये.

बिंदूंचे नकाशेही तारतम्याने वाचा. माणसाला छातीचे मणके १२ आणि कमरेचे ५. कुत्र्याला १३ आणि ७, घोड्याला १८ आणि ६. माणसाचे बिंदू जनावरावर उतरवताना कुठेतरी ओढाताण होतेच. घोड्याला पित्ताशय नाही, तरी पित्ताशयाच्या नावाचा बिंदूंचा मार्ग शिकवतात. १६०८ च्या सुमाराला यू आडनावाच्या दोन भावांनी लिहिलेला जुना चिनी ग्रंथ मुख्यतः घोड्यांचा आहे. कुत्र्याचे आजचे तक्ते बरेचसे आधुनिक आहेत.

पुराव्याचंही सांगतो. चकतीच्या आजाराच्या ५० कुत्र्यांवरचा २००७ चा अभ्यास आहे. त्यात औषधांच्या जोडीला विजेच्या सुया (सुयांतून सौम्य वीज सोडतात) लावलेली कुत्री नुसत्या औषधांवरच्या कुत्र्यांपेक्षा लवकर चालू लागली. पण २००६ मध्ये जनावरांवरच्या सगळ्या प्रयोगांचा जो एकत्रित आढावा झाला, त्यात ठाम शिफारस करण्याजोगं काही निघालं नाही. गोट्या सुयांनी उठला की विश्रांतीने, हे एका गोट्यावरून ठरणार नाही. मी मालकांना तसंच सांगतो.

देशपांडे, देवास

मृणाल, मी तुझ्या कॉलेजचा, बराच जुना. आयुष्य गाई-म्हशींत गेलं.

बाइ-हुईचं तू लिहिलंस. कुत्र्याला आपण एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन, देतो तीच कमरेची आणि त्रिकास्थीची फट ती. मला हे कळलं तेव्हा चिनी नावांची भीती गेली. नवीन बिंदू आला की त्याच्याखाली कोणती नस, कोणता स्नायू आहे ते आधी बघ. एसटी-३६ ची सुई नडगीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूत जाते, तिथून पेरोनियल नस जाते. मग ‘का’ विचारणाऱ्याला उत्तर देता येतं.

आणि अडलेला श्वास सुरू करायचा बिंदू, जीव्ही-२६, विसरू नकोस. नाकपुड्यांच्या मधल्या खाचेत, खालच्या कडेच्या पातळीवर. परवा रात्री एका गोठ्यात पारडू ओढून काढलं, श्वास नाही. म्हातारबाबा गवताची काडी घेऊन नाकात घालायला पुढे आले, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या करतात तसं. मी तोंडातली चिकटी काढली, त्या खाचेत २५ नंबरची सुई रोवून टोचे देत राहिलो, पोरगं पोत्याने अंग चोळत होतं. पारड्याने एक आचका दिला, मग दुसरा. बाबा म्हणाले, “डॉक्टर, तुमची काडी लोखंडाची.” यासाठी पुढचा कोर्स लागत नाही.

गावात सुया काढल्या की लोकांना डाग देणं आठवतं. तापलेल्या सळईने डागलेल्या पाठी मी इतक्या पाहिल्यात की हे वेगळं आहे हे प्रत्येक गोठ्यात पहिल्यांदा सांगतो. एक सुई स्वतःच्या मनगटाजवळ लावून दाखवतो, मग गडी जनावर धरतात.

मृणाल, इंदूर

विवेकसर, देशपांडेसर, मनापासून आभार. ठरवलंय की आधी न्यूरॉलॉजीच्या तपासणीचं शिक्षण, पुढचा कोर्स पुढच्या वर्षी. तपासणीच्या कागदावर आजच दोन वेगळे रकाने केले: ‘पाय ओढला’ आणि ‘वळून पाहिलं’.

गाडीवरच्या त्या कुत्र्याला दर गुरुवारी आणतात. त्याचं मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायला घरच्या मुलीला शिकवलंय, ती माझ्याहून हलक्या हाताने करते. विवेकसर, इतक्या महिन्यांनी त्याच्या पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर ताण आलाय. तिथे सुया लावून आराम पडतो का, तुमचा अनुभव काय?

विवेक, पुणे

पडतो. खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेला आणि ट्रायसेप्समध्ये बोटाने दाबून बघा, तो जिथे अंग चोरेल तिथेच सुरुवात करा. आणि गाडीचे पट्टे तपासा. माझ्या दोन पेशंटना पट्टा सैल केल्यावरच निम्मा आराम पडला होता.