जुलैत आंबोली : पोराला बेडूक दाखवायचेत

ओलीचिंब_पिंपरी :
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आंबोलीला जायचं चाललंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्याला धबधब्यात काडीचा रस नाही, बेडूक आणि साप बघायचेत. रात्री पोराला घेऊन रानात हिंडणं जमेल का? आणि सासूबाईंना दिवसा कुठे न्यावं?

कातळकर :
जमेल, पण शनिवार-रविवार नको. त्या दोन दिवसांत मोठ्या धबधब्यापाशी नुसत्या गाड्या आणि आरडाओरडा.

रानात खोल शिरायची तर गरजच नाही. पहिल्या वर्षी मी शहाण्यासारखा चार तास चिखल तुडवला, कॅमेऱ्याच्या भिंगात आतून वाफ धरली, आणि मलबारी उडता बेडूक दिसला कुठे? खोलीवर परतल्यावर, न्हाणीघरामागच्या सिमेंटच्या टाकीवर! टाकीवर वाकलेल्या पानाला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटला होता. तेच त्याचं घरटं. अंडी त्या फेसात, आणि पिल्लं बाहेर पडली की टप्पकन खालच्या पाण्यात. मुलाला तिथे अर्धा तास उभं करा, घरी यायचं नाव काढणार नाही.

आंबोली टोड हा बेडूक मात्र सड्यावर, जांभ्याच्या उघड्या कातळावर. एवढासा जीव, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. २००९ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. कातळावरच्या वीतभर डबक्यातही त्याची अंडी असू शकतात, त्यामुळे छपाक छपाक उड्या बंद.

सापांपैकी मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, कधी नारिंगीही. विषारी आहे. झुडपात तासन् तास हलत नाही, म्हणून आधाराला फांदी धरायची नाही. पोराला पुढे सोडू नका, स्थानिक वाटाड्या घ्याच.

सासूबाईंना हिरण्यकेशीला न्या. गुहेतून नदी निघते, पुढ्यात महादेवाचं देऊळ. तिथल्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये नवी जात ठरला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आधी देवदर्शन, मग मासे.

घाटावयलो :
मी हयसरलोच. रातची गाडी सावकाश हाका, पावसात बेडूक रस्त्यार येतत आणि चाकाखाली जातत. आणि मच्छराचा मलम लावलेल्या हातान बेडकाक धरू नकात, तेची कातडी सगळा शोषून घेता.

ओलीचिंब_पिंपरी :
धन्यवाद! मंगळवार ते गुरुवार ठरवलंय. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "टाकीपर्यंत मीसुद्धा येईन की." आता नऊ वर्षांच्या मापाचे गमबूट पिंपरीत कुठे मिळतील?