नाशिकमध्ये बुटका घेवडा: आपापले अनुभव इथे लिहा

दसरा झाला, पाऊस उघडला, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या, म्हणजे घरच्या बागेत घेवडा लावायची वेळ झाली. कोणी फरसबी म्हणतं, कोणी श्रावण घेवडा, मी बोलतेय ती बुटकी जात, दीड-दोन फुटांवर थांबणारी, मांडव नको की काठी नको. ज्यांनी ज्यांनी लावलाय त्यांनी लिहा, कधी लावता, कोणती जात, कुंडीत की वाफ्यात, काय जमलं, काय नाही. 

मी आधी लिहिते. इंदिरानगरला तळमजल्यावर राहतो, मागे छोटी जागा आहे, तिथे अर्का कोमल लावते, बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेची जात, शेंग सरळ, चपटी, हिरवीगार. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे घेवड्याचं सगळं गणित तारखेचं आहे. रोपाला ना कडक उन्हाळा चालतो ना कडक थंडी, आणि फुलावर असताना पारा तिशीच्या बराच वर गेला की फुलं गळतात, मग पाणी घाला नाहीतर खत घाला, शेंग धरत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे चाळिशीला टेकतं तेव्हा तर विषयच सोडा. ऑक्टोबरात पेरलेल्याला साधारण दीड महिन्यात शेंगा येतात, म्हणजे खरी थंडी पडायच्या आत पहिले तोडे पदरात.

पंचवटी, गच्चीवरून
आमच्याकडे सगळं ग्रोबॅगमध्ये. बारा इंची बॅगेत तीन रोपं बास, जास्त कोंबू नका, हवा खेळत नाही मग भुरी येते, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी. माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, खाली भोकं नीट मोकळी आहेत ना ते बघून घ्यायचं, कारण घेवड्याच्या मुळाशी पाणी साचलं की संपलं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, बी रात्रभर भिजत घालू नका. वाल-हरभऱ्याची सवय असते म्हणून लोक भिजवतात, पण या बियांची साल पटकन तडकते, डाळी सुट्या होतात आणि मातीत बी सडतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी माती छान भिजवून घ्या, बोटाच्या एका पेराएवढं खोल बी टाका आणि वर येईपर्यंत पाणी जपून. येताना बघण्यासारखं असतं हो, देठ मान वाकवून माती फोडतो, मागून दोन जाड डाळी ओढत वर आणतो आणि मग सरळ होतो. कबुतरं नेमकी तेव्हाच टपलेली असतात, डाळी टोचून नेल्या की रोप खुरटतं, म्हणून पानं फुटेपर्यंत मी वरून जुनी जाळी टाकते.

ओझर
ताई, तारखेचं एकदम बरोबर बोललात, फक्त आमच्या बाजूला अजून सांभाळावं लागतं. निफाड पट्ट्यात थंडी कशी पडते सगळ्यांना माहितीय, बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशात नोव्हेंबर अखेरीस पेरलेला घेवडा नुसता बसून राहतो, पानं पिवळट, वाढ नाही, शेजारी मेथी-पालक मात्र मजेत. आमच्याकडे हिशोब सरळ आहे, ऑक्टोबर गाठा नाहीतर जानेवारी संपत आली की लावा, मधे घेवड्याच्या नादी लागू नका.

पाथर्डी फाटा
मला मदत हवीये. रोपं मस्त झालीत, पानं तळहाताएवढी, पण फुलं अगदी थोडी आणि शेंग जवळपास नाहीच. दुपारनंतर समोरच्या बिल्डिंगची सावली येते. शेजारच्या काकांनी सांगितलं कडधान्य आहे, खत नकोच, मुळं स्वतःच नत्र करतात, आणि दुसऱ्या एकांनी सांगितलं युरिया टाका. कोणाचं ऐकू?

सातपूर
दादा, युरिया आत्ता अजिबात नको, पानं अजून वाढतील. पण काकांचं म्हणणंही घेवड्याला पूर्ण लागू पडत नाही. मी शेतीशाळेत शिकवायचो, सवयीने रोप उपटलं की मुळं धुऊन बघतो, भुईमुगाच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी भरगच्च दिसतात, घेवड्याच्या मुळांवर तुरळक, कधी नाहीतच. कडधान्यांच्या मानाने हा नत्र कमी धरतो, म्हणून शेतात याला इतर डाळवर्गीय पिकांपेक्षा नत्राचा डोस जास्त देतात. तेव्हा पेरणीआधी चांगलं कुजलेलं खत भरपूर, बियाला रायझोबियम जिवाणू खत मिळालं तर चोळायचं, आणि फुलं दिसायला लागल्यावर नत्राचा हात आखडता. तुमच्याकडे मला सावलीच जास्त नडतेय असं वाटतं, घेवड्याला सहा तास तरी थेट ऊन हवं. कुंडीत असेल तर सकाळचं ऊन लांबेल अशी सरकवा.

देवळाली
किडीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मावा येतो, शेंड्याला आणि कोवळ्या शेंगांना चिकटून, मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं. मी निंबोळी अर्क मारते, लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्याने गाळून चिमूटभर साबण, फवारणी मात्र ऊन उतरल्यावर आणि पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा तिथेच असतो. उन्हाळ्याकडे झुकलं की लाल कोळी, पान वरून ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, उलटं करून भिंगातून बघा, बारीक जाळं आणि हलणारे कण दिसतील. पाण्याचा जोरदार फवारा खालून मारला की बराच आटोक्यात राहतो. पण पानं गोळा झाली, हिरवी-पिवळी नक्षी आली की ते रोप सरळ उपटा, तो मोझॅक नावाचा विषाणूरोग आहे, त्याला औषध नाही आणि मावा तो दुसऱ्या रोपावर नेतो. आणि दवाने पानं ओली असताना तोडा करू नका, तांबेरा, म्हणजे पानांवर गंजासारखे ठिपके आणणारी बुरशी, हातानेच पसरतो.

मखमलाबाद
सासरी शेती आहे, घराजवळचा वाफा माझा. सगळं बी एकदम टाकायचं नाही, पंधरा पंधरा दिवसांनी एक ओळ, नाहीतर एकदम एवढ्या शेंगा येतात की वाटून संपत नाहीत आणि नंतर काहीच नाही. शेंग मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे. दाणा बाहेरून फुगलेला दिसायला लागला की उशीर झाला, शिरा निघतात, आणि तशी शेंग झाडावर राहिली की झाड फुलं धरायचं बंद करतं. म्हणून दिवसाआड फेरी मारायची, एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने तोडायची, झाड नाजूक असतं, ओढलं की मुळासकट हातात येतं. भाजीला आमच्याकडे काळा मसाला आणि शेंगदाण्याचा कूट, कोवळा असला की पाणी घालायची पण गरज नाही.

नाशिकरोड
मी मूळची साताऱ्याकडच्या कोरेगावची, आमच्याकडचा वाघ्या घेवडा माहीत असेल, वाळल्या दाण्यासाठी लावतात तो, दाण्यावर लाल पट्टे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. माहेराहून बी आणून पावसाळ्यात लावते, पण इथली काळी माती पाणी धरते म्हणून गादीवाफा, म्हणजे उंच वाफा, करूनच, तसं केलं तर मूळकूज कमी होते. शेंगा झाडावरच वाळवायच्या. दाणे रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि चांगले खळखळून शिजवायचे, अर्धकच्चा दाणा पोटाला बाधतो, उलट्या होतात. लहान मुलं येता जाता कोवळी शेंग कच्चीच तोंडात टाकतात, तीही नको.

कॉलेज रोड
बियाचं सांगते. घेवड्यात परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे संकरित नसलेल्या जातीचं घरचं बी बहुतेक तसंच येतं, शेजारी दुसरी जात असली तरी. सगळ्यात निरोगी दोन-तीन झाडांना सुरुवातीपासून दोरा बांधून ठेवा, त्यांची एकही शेंग खायची नाही. देवळालीच्या ताई म्हणतात तो मोझॅक बियातूनही येतो, त्यामुळे तसल्या झाडाचं बी कितीही टपोरं दिसलं तरी नको. शेंग हलवली की दाणा वाजला पाहिजे, मग सोलून सावलीत कडक वाळवायचं आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये, बाहेर ठेवलं की भुंगा पोखरतो. माझ्याकडे कंटेंडर जातीचं घरचं बी आहे, गोल शेंगेचं. या आठवड्यात पेरणार असाल तर सांगा, मूठ मूठ देते, बदल्यात कोणाकडे अर्का कोमल असेल तर मला हवंय.