मिशिगन हाऊसचं लाइव्ह सेशन पूर्ण बघितलं, तरी नक्की काय पास झालं ते कळलंच नाही. कोणी समजावेल का?

वरणफळ:
नमस्कार मंडळी, आम्ही नोव्हीला असतो. लेकाला शाळेत सिव्हिक्सचं असाइनमेंट होतं की आपल्या स्टेटच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचं एका दिवसाचं कामकाज बघा आणि लिहा. तो थोड्याच वेळात कंटाळून बास्केटबॉल खेळायला पळाला आणि मीच बसले बघत, कारण आता सिटिझन झालोय, मत द्यायचंय, तर म्हटलं हे लोक करतात काय ते तरी बघू. तर दीडला सुरू झालं, प्रार्थना झाली, झेंड्याची शपथ झाली, हजेरी झाली, इथपर्यंत ठीक. मग एक बाई इतक्या स्पीडने बिलांचे नंबर वाचत होत्या की सत्यनारायणाच्या पोथीला भटजी सुद्धा इतकी घाई करत नाहीत, आणि समोर कोणाचंही लक्ष नाही, कोणी फोनवर, कोणी घोळक्यात उभं. मधेच अचानक सगळे गायब, स्क्रीनवर नुसता हॉल, तासभर काही नाही. परत आले आणि भराभर सात-आठ बिलं पास. भाषणं म्हणाल तर दोन का तीन. प्रत्येक बिलानंतर कोणीतरी उठून "इमिजिएट इफेक्ट" असं काहीतरी म्हणतं आणि लगेच हातोडा आपटतात, कोणी मोजत सुद्धा नाही. प्रश्नोत्तराचा तास वगैरे काहीच नाही. आपल्याकडे विधानसभेत निदान राडा तरी होतो, बघायला मजा येते. हे सगळं आधीच ठरलेलं असतं का? आणि असाइनमेंटमधे लिहू काय?

ढोलताशा_डेट्रॉईट:
असाइनमेंट कोणाचं आहे ताई, लेकाचं का तुमचं? 😄

कॅन्टनचा_काका:
ताई, आधी एक सांगतो, फ्लोअरवर जे दिसतं त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं आणि जे महत्त्वाचं असतं ते तुम्हाला सगळ्यात बोअर वाटलं त्याच दोन गोष्टींत असतं, एक तो मतांचे दिवे दाखवणारा बोर्ड आणि दुसरं ते इमिजिएट इफेक्ट. पण क्रमाने जाऊ.

नंबर वाचणाऱ्या त्या बाई म्हणजे क्लार्कच्या, म्हणजे सभागृहाची नोंद ठेवणाऱ्या, ऑफिसच्या. मिशिगनच्या घटनेत लिहिलंय की प्रत्येक बिल दोन्ही सभागृहांत तीन-तीन वेळा वाचलं गेलं पाहिजे. आता अख्खं बिल कोण वाचणार, म्हणून नुसतं नाव आणि नंबर वाचतात. पहिलं वाचन म्हणजे बिल आलं, कमिटीकडे गेलं. कमिटीतून परत आलं की दुसरं वाचन, तेव्हा दुरुस्त्या सुचवतात. तिसऱ्या वाचनाला मतदान. हाऊसच्या बिलांचे नंबर ४००१ पासून सुरू होतात आणि सेनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, १ पासून, म्हणजे नुसता नंबर ऐकून कळतं माल कुठल्या दुकानातला आहे. हाऊसची दोन वर्षांची टर्म संपली की जे पास झालं नाही ते सगळं मेलं, नव्या हाऊसमधे परत पहिल्यापासून.

सगळे गायब झाले तेव्हा कॉकसला गेले असणार. प्रत्येक पार्टी आपापल्या खोलीत दार लावून बसते आणि तिथे मोजदाद होते, कोण हो, कोण नाही, कोणाला काय पाहिजे. खुर्चीवर पण बहुतेक वेळा स्पीकर नसतातच, त्यांचा प्रो टेम, म्हणजे उपाध्यक्ष, बसतो, कारण इथला स्पीकर म्हणजे बहुमतवाल्या पार्टीचा नेताच, तो आत वाटाघाटी करत असतो. हाऊसमधे ११० मेंबर, बिल पास व्हायला ५६ मतं लागतात, आणि हे ५६ हजर असलेल्यांच्या हिशोबाने नाही हं, निवडून येऊन पदावर असलेल्या मेंबरांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे जो घरी बसला त्याचं मत आपोआप नाही सारखंच धरा.

आता बोर्ड. डेस्कवर बटण दाबलं की नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो. ५६ भरत नसतील तर बोर्ड तसाच उघडा ठेवतात, कधीकधी तासन्‌तास, आणि तेवढ्यात कोणाला तरी कोपऱ्यात घेऊन समजावणं चालू असतं. मी एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून हे बघितलंय, एका मेंबरच्या टेबलाभोवती चार जण उभे, तो मान हलवतोय नाही नाही, मग एकाने कुठलातरी कागद काढून दाखवला, त्याने चष्मा लावून वाचला, परत दिला आणि दिवा हिरवा. काय होतं त्या कागदात देव जाणे. लाइव्हवर हे असं जवळून काही दिसत नाही.

वरणफळ:
काका हे भारी आहे! पण इमिजिएट इफेक्ट राहिलं की.

कॅन्टनचा_काका:
जेवायला उठलो होतो हो. तर ऐका. इथल्या घटनेप्रमाणे कायदा पास झाला, गव्हर्नरची (इथला मुख्यमंत्रीच म्हणा, राज्यपाल नव्हे) सही झाली तरी तो लगेच लागू होत नाही. ज्या सेशनमधे पास झाला ते सेशन संपल्यावर ९० दिवसांनी लागू होतो. सेशन संपतं डिसेंबरच्या शेवटाकडे, म्हणजे फेब्रुवारीत पास केलेला कायदा पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटी कधीतरी. लगेच पाहिजे असेल तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं पाहिजेत. हाऊसमधे हे दोन-तृतीयांश नुसतं आवाजावर आणि खुर्चीच्या अंदाजावर ठरवायची जुनी पद्धत आहे, दोन्ही पार्ट्यांनी आपापल्या राज्यात तेच केलं. २०१२ मधे डेमोक्रॅट्स अल्पमतात होते तेव्हा ते कोर्टात गेले, आम्ही मतं मोजायला सांगतोय तरी मोजत नाहीत म्हणून. खालच्या कोर्टात जिंकले आणि अपील कोर्टात हरले, कोर्ट म्हणालं सभागृहाचा आतला कारभार आहे. म्हणून तुम्हाला नुसता हातोडा ऐकू आला.

पण सेनेटमधे मतं मोजतात, आणि गंमत तिथे होते. २०२३ मधे डेमोक्रॅट्सनी राईट टू वर्क कायदा (युनियनची वर्गणी सक्तीची करायला बंदी घालणारा) रद्द केला, प्रेसिडेंशियल प्रायमरी (पार्टीचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचं मतदान) २७ फेब्रुवारी २०२४ वर आणली. सेनेटमधे त्यांच्याकडे ३८ पैकी २० च होते, दोन-तृतीयांश कुठून आणणार, रिपब्लिकन्सनी इमिजिएट इफेक्ट दिलाच नाही. मग सेशन नेहमीप्रमाणे डिसेंबरात संपवलं असतं तर प्रायमरीची तारीखच कायद्यात बसली नसती. म्हणून त्यांनी १४ नोव्हेंबरलाच गाशा गुंडाळला, ९० दिवस मोजा, १३ फेब्रुवारीला सगळं लागू. एवढ्या मोठ्या राज्याचं अधिवेशन दीड महिना आधी बंद, फक्त त्या एका ओळीपायी. तुमच्या लेकाला हेच लिहू दे, टीचर खूष होतील.

नागपुरी_संत्रं:
मी बरीच वर्षं नागपूरचं हिवाळी अधिवेशन पेपरसाठी कव्हर केलंय, आता मुलीकडे ॲन आर्बरला आलोय, म्हणून थोडं लिहितो.

वरणफळ, प्रश्नोत्तराचा तास इथे नसणारच, कारण उत्तर द्यायला मंत्री आहे कुठे त्या हॉलमधे. आपल्याकडे मुख्यमंत्री आणि मंत्री विधिमंडळाचेच सदस्य, म्हणून तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, असं करून त्यांना समोरासमोर धरता येतं. इथे गव्हर्नर आणि खात्यांचे डायरेक्टर सभागृहाचे मेंबरच नाहीत. गव्हर्नर वर्षातून एकदा स्टेट ऑफ द स्टेट भाषणाला येतात, बाकी खातेप्रमुखांना धरायचं तर कमिटीत बोलावून. त्यामुळे फ्लोअरवर तो चटका नाही. आपल्याकडे लक्षवेधीला मंत्र्याने "तपासून घेतो" म्हटलं की मागून जो आवाज उठतो ना, ते इथे मिस करतो मी खरं सांगायचं तर.

पण एका बाबतीत इथल्या पद्धतीला मी पूर्ण मार्क देईन. इथे प्रत्येक बिलाच्या अंतिम मतदानाला कोणी काय मत दिलं ते नावानिशी जर्नलमधे छापावं लागतं, घटनेतच आहे. आणि विरोधात मत दिलं तर का दिलं हे पण मेंबर जर्नलमधे लिहून ठेवू शकतो. आपल्याकडे २८८ आमदार, विधेयक आलं की "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, विधेयक संमत", संपलं. गोंधळात तर अर्ध्या तासात चार-पाच विधेयकं अशी गेलेली मी प्रेस गॅलरीतून बघितली आहेत, खाली वेलमधे घोषणा चालू आणि वर तालिका अध्यक्ष वाचतायत. तुमच्या आमदाराने त्या विधेयकावर काय केलं हे शोधायला गेलात तर सापडणार काय? तो हॉलमधे होता की कॅन्टीनमधे तर्रीपोहे खात होता ते सुद्धा कळत नाही. त्यामुळे राडा बघायला मजा येते हे खरं, पण मला तो सात-आठ बिलांचा बोअर दिवस जास्त कामाचा वाटतो.

ढोलताशा_डेट्रॉईट:
संत्रं काका, पण नावानिशी मत छापून उपयोग काय, इथे पण सगळे पार्टी लाइननेच मतं देतात. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आपल्याकडे आहे तरी लोक उड्या मारतात, आणि इथे असला कायदाच नाही तरी उडी मारत नाहीत 😂 आणि दोन वर्षांनी इलेक्शन, त्याआधी प्रायमरी, म्हणून जो तो बटण दाबताना आपल्याच पार्टीतल्या कट्टर लोकांना घाबरतो. रेकॉर्ड असल्यामुळे उलट तडजोड अवघड होते असं माझं मत.

नागपुरी_संत्रं:
घाबरू देत ना, मतदाराला घाबरले तर काय वाईट. आपले दिल्लीला घाबरतात. आणि पार्टी लाइन सोडत नाहीत हे पण अर्धच खरं. डिसेंबर २०२४ आठवा.

मिशिगन_मिसळ:
+१, डिसेंबर २०२४ चं लिहायला आलेच होते. डेमोक्रॅट्सकडे ५६ विरुद्ध ५४, म्हणजे काठावर. किमान वेतन आणि सिक लीव्हच्या मुद्द्यावर रिपब्लिकन्स उठून निघून गेले, आणि त्यात डेमोक्रॅट्सच्याच एक मेंबर डेट्रॉईटहून आल्या नाहीत. कोरमलाच, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीलाच, ५६ लागतात. भरेना. शेवटी स्पीकरनी १९ तारखेला काम थांबवलं आणि बरीचशी बिलं तिथेच मेली. आणि जी ९ बिलं दोन्हीकडे पास झाली होती ती गव्हर्नरकडे पाठवायचीच राहिली, नवीन हाऊसमधे रिपब्लिकन आले त्यांनी पाठवली नाहीत, मग सेनेटने कोर्टात खेचलं. म्हणजे पास झालेलं बिल सुद्धा कोणीतरी पोचवायला लागतं. आपल्याकडे विधानसभेत कोरमला एक-दशांश म्हणजे २९ पुरतात, त्यामुळे असं बाहेर जाऊन अडवता येत नाही, आत येऊनच गोंधळ घालावा लागतो. मला तर वाटतं वेलमधे उतरायच्या सवयीचं अर्धं कारण हेच असेल.

बाय द वे कोणी ठाणेदारांचं नाव कसं नाही काढलं? बेळगावचे श्री ठाणेदार याच हाऊसमधे २०२१-२२ ला होते, डेट्रॉईटमधून, नंतर वॉशिंग्टनला काँग्रेसमधे गेले.

ढोलताशा_डेट्रॉईट:
ठाणेदारांवर धागा काढला की पाचशे प्रतिसाद होतात आणि ॲडमिन कुलूप लावतात. नको.

वरणफळ:
सगळ्यांचे खूप आभार, लेकाने ९० दिवसांचं गणित कॅलेंडर घेऊन मांडलं आणि बरोबर आलं म्हणून खूष आहे. एक शेवटचं. आमच्या इथे डेकेअरच्या नियमांवर एक बिल आलंय, मला त्यावर बोलायचंय. फ्लोअरवर तर बाहेरच्यांना बोलू देत नाहीत ना? मग बोलायचं कुठे?

कॅन्टनचा_काका:
कमिटीत. लेजिस्लेचरच्या वेबसाइटवर बिलाचा नंबर टाका, कुठल्या कमिटीकडे आहे ते दिसेल, मीटिंगची नोटीस ईमेलवर यायची सोय आहे. लान्सिंगला, म्हणजे राजधानीला, जायचं, कमिटीच्या क्लार्ककडे एक कार्ड भरून द्यायचं, नाव, गाव, बिलाला पाठिंबा का विरोध, आणि बोलायचंय का नाही. बोलायचं नसेल तरी कार्ड भरा, तुमचं नाव आणि बाजू मिनिट्समधे येते. बोलायचं असेल तर दोन-तीन मिनिटांचं लिहून न्या आणि दोन वाक्यांची आवृत्ती पण तयार ठेवा, कारण वेळ संपत आला की चेअर म्हणतात थोडक्यात. "माझ्याकडे चार मुलं आहेत आणि या नियमाने माझा खर्च इतका वाढेल" असं बोलणाऱ्याकडे ते मान वर करून बघतात, तत्त्वज्ञान सांगणाऱ्याकडे नाही. आणि आधी आपल्या रिप्रेझेंटेटिव्हच्या ऑफिसला फोन करा, साधारण नव्वद हजार लोकांमागे एक मेंबर असतो, फोन उचलतात.

मिशिगन_मिसळ:
कॅपिटॉलजवळ (तिथलं विधानभवन) पार्किंग मिळत नाही हं, लवकर निघा. मी पण येईन, माझी पण दोन आहेत डेकेअरला. तारीख कळली की इथेच टाका.