गणपती गेले आणि पाठोपाठ पीसी पण गेला, बटण दाबलं तरी ढिम्म

खारा_वारा, वेंगुर्ला

मंडळी, मोबाइलवरून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. घरचा डेस्कटॉप चालूच होत नाहीये. झालं असं की आमच्याकडे गणपती ज्या खोलीत बसतो तिथेच एरवी कॉम्प्युटरचं टेबल असतं, त्यामुळे दरवर्षी माटवी (गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट) बांधायच्या आधी ते सगळं उचलून पडवीत जातं. यंदा अकरा दिवस पडवीत होता, वर जुनी चादर टाकलेली, पाऊस धो धो, आणि समुद्र घरापासून चालत पाच मिनिटं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आत आणून सगळं जसंच्या तसं जोडलं, बटण दाबलं, काहीच नाही. फॅन फिरत नाही, लाइट नाही, बीप नाही. मॉनिटरचा दिवा तेवढा लुकलुकतो.

मशीन जुनं आहे, २०१३ चं असेंबल केलेलं, एच६१ मदरबोर्ड, थर्ड जनरेशन आय३ प्रोसेसर, एसएमपीएस (आतला पॉवर सप्लायचा डबा) लोकल, वर ४५० वॅट छापलंय पण त्यात किती खरं देव जाणे. नवीन घ्यायचाच आहे कधीतरी पण त्यात बाबांचा आंब्याच्या पेट्यांचा आठ वर्षांचा हिशोब आहे आणि बॅकअप नाही (शिव्या नंतर घाला). एका दुकानात फोन केला तर त्याने न बघताच सांगितलं बोर्ड गेला असणार, साडेसहा हजार तयार ठेवा.

केबल बदलून बघितली, मॉनिटरची याला लावली, तरी तेच. एक्स्टेंशन बोर्डवर टेस्टर पेटतो म्हणजे करंट येतोय. मागच्या पत्र्याला हात लागला की थोड्या झिणझिण्या येतात पण त्या आधीपासूनच आहेत, ते सोडा. कुठून सुरुवात करू?

माटवीतलो_नारळ, मालवण

आधी मागचो स्विच बघ मेल्या. एसएमपीएसच्या पाठी काळो स्विच आसता, उचलताना बोट लागता आणि बंद होता. आमच्याकडे ह्याच झाला, भावान नवीन बोर्डाचे पैसे मोजून ठेवल्यान आणि स्विच बंद होतो. आणि आत पाल नाय मा ती पण बघ, पावसात ऊब बघून जाता.

खारा_वारा, वेंगुर्ला

स्विच बघितला हो, चालू बाजूलाच आहे. पाल नाही, मुंग्यांची अंडी मात्र होती, ब्रशने काढली.

सोल्डरगन, कुडाळ

बोर्ड गेला असं फोनवर सांगणाऱ्याला आधी सोड. बोर्ड जातो, नाही असं नाही, पण मशीन एकदम मेल्यासारखं पडतं तेव्हा मी बोर्डाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आणि हिशोबाचं टेन्शन घेऊ नको, तो हार्ड डिस्कमध्ये आहे, ती काढून सॅटा टू यूएसबी केबलने कुठल्याही लॅपटॉपला लावता येते. ते आजच कर, बाकी दुरुस्ती उद्या.

आता भिंतीपासून. टेस्टर पेटला म्हणजे करंट येतोय हे अर्धंच खरं. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, कुठे सुटला असेल तरी तो आनंदाने पेटतो, उलट त्याच लाइनवर दुसरं काही चालू असेल तर न्यूट्रलच्या भोकात पण पेटतो आणि माणूस आणखी गोंधळतो. त्याच सॉकेटात, त्याच एक्स्टेंशन बोर्डातून मिक्सर लावून बघ. मिक्सर फिरला की भिंत पास.

मग आत. एसएमपीएस म्हणजे बटण दाबल्यावर चालू होणारी वस्तू असं लोकांना वाटतं, पण वायर लावून मागचा स्विच चालू केला की त्याचा एक छोटा भाग लगेच जागा होतो आणि बोर्डाला सतत ५ व्होल्ट देत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही पुढचं बटण दाबता तेव्हा खरी वीज जोडली जातच नाही, बोर्डाला फक्त निरोप जातो, मग बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला टेकवतो आणि तेव्हा मोठे व्होल्टेज सुरू होतात. म्हणजे साखळी अशी, भिंत, स्टँडबाय, बटण, बोर्ड, हिरवी वायर. यातली कडी कुठे तुटली एवढंच शोधायचंय.

मल्टिमीटर आहे का? डीसी २० वर ठेव, काळी प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला किंवा कुठल्याही काळ्या वायरला, लाल प्रोब २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरच्या पाठीमागून जांभळ्या वायरीत. कनेक्टर बोर्डात लावलेलाच राहू दे. ४.७५ ते ५.२५ मध्ये काहीही आलं तर स्टँडबाय आहे. शून्य आलं तर तोच कनेक्टर काढून परत माप, काढल्यावर ५ आले तर बोर्डात शॉर्ट, तरीही शून्य तर एसएमपीएस मेला, नवीन आण. मीटर नसेल तर एक गावठी खूण, बंद पीसीला ऑप्टिकल माउस लावून बघ, बऱ्याच बोर्डांवर खालचा लाल दिवा स्टँडबायवर पेटतो. पण नाही पेटला म्हणून निष्कर्ष काढू नको.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. आणि मागे ११५/२३० चा लाल सरकता स्विच असेल तर त्याला हात लावायचा नाही, ११५ वर सरकवून चालू केलास तर फटाका घरातच वाजेल.

परशुरामाच्या_पायथ्याशी, चिपळूण

माझा सल्ला, आधी वाळव. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं मशीन टेबलासकट बुडालं होतं, चिखल निघता निघेना. बोर्ड साध्या स्वच्छ पाण्याने धुतला, पंख्याखाली पंधरा दिवस ठेवला, एसएमपीएस सरळ फेकून नवीन लावला, आणि चाललं हो, पुढे सव्वा वर्ष. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्साहात बटण दाबून बघितलं त्यांचं काही वाचलं नाही. तुझं पुरातलं नाही पण अकरा दिवस पडवी म्हणजे कमी ओल नाही. कॅबिनेटचं झाकण काढ, टेबलफॅन लाव, एक रात्र जाऊ दे.

आणि बटण सेल बदल, मदरबोर्डवरचा. माझ्या मित्राचा त्यानेच चालू झाला.

सोल्डरगन, कुडाळ

वाळवण्याला माझं अनुमोदन, फक्त हेअर ड्रायर गरम करून मारू नका कोणी. सेलचं मात्र जरा जपून. सीआर२०३२ संपला तर तारीख जाते, सेटिंग जातात, पण मशीन एकदम निर्जीव होणं क्वचित, काही बोर्ड नखरे करतात एवढंच. मित्राचा सेल बदलताना कदाचित रॅम हलली असेल किंवा पाच मिनिटं वायर काढून ठेवली त्यानेच उठला असेल.

खारा_वारा, वेंगुर्ला

अपडेट. हार्ड डिस्क काढून मेव्हण्याच्या लॅपटॉपला लावली, हिशोब शाबूत आहे, बाबांनी आज दोन दिवसांनी नीट जेवण केलं. रात्रभर पंखा लावला. मिक्सर फिरला. शेजारच्या वायरमनकडून मीटर आणला, जांभळ्या वायरीवर ५.०८ येतात. म्हणजे एसएमपीएस चांगला ना?

सोल्डरगन, कुडाळ

स्टँडबाय चांगला, पूर्ण एसएमपीएस चांगला असं नाही अजून. पण आता मजा आहे, कारण शंका उरली बटण, बोर्ड किंवा मोठे व्होल्टेज. बटण आधी. कॅबिनेटच्या पुढून चार पाच बारीक वायरी येऊन बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पिनांवर बसतात, त्यातल्या एकीवर पॉवर एसडब्ल्यू लिहिलेलं असेल. आधी फोटो काढ, मग ती उपस, आणि उघड्या पडलेल्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक क्षण टेकव. फक्त त्या दोन. तिथे ५ व्होल्टच्या आतलाच मामला आहे, शॉक बसणार नाही, पण भलत्या पिना जोडल्यास तर बोर्ड नाराज होईल.

चालू झाला तर बटण गेलंय. नाही झाला तर एसएमपीएस बाहेर काढून हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी यात पेपरक्लिप घालून त्याचा फॅन फिरतो का बघू, सोबत एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडून, कारण स्वस्तातले एसएमपीएस लोड नसेल तर उठत नाहीत.

खारा_वारा, वेंगुर्ला

चालू झालाआआ!!! स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि फॅन भर्रकन फिरला, मी दचकून हातातला ड्रायव्हरच टाकला. पेपरक्लिपची वेळच आली नाही. मग पुढचं प्लास्टिक उचकटून बटण काढलं तर आतल्या छोट्या स्विचच्या पायांवर हिरवट पांढरं साचलंय, एक पाय तर हात लावताच तुटला. साडेसहा हजार!! हा स्विच कितीला मिळतो?

सोल्डरगन, कुडाळ

दहा वीस रुपये, पण लगेच धावू नको. रीसेटचं बटण कधी दाबलंस आठवतं का? रीसेटची वायर काढ आणि पॉवरच्या पिनांवर लाव. दोन्ही स्विच आतून सारखेच, दाबलं की जोडणारे. आजपासून रीसेट हेच तुझं पॉवर बटण. मी निम्म्या गिऱ्हाइकांना हेच करून देतो आणि पैसे घ्यायची लाज वाटते म्हणून चहा घेतो.

ते हिरवट पांढरं म्हणजे आपल्या खाऱ्या हवेची मेहेरबानी. श्रावणात मिठाची बरणी बघ, आपोआप पाणी सुटतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो त्याच्या खाली येतोच कधी. वाऱ्याबरोबर आलेलं बारीक मीठ धुळीत बसलेलं असतं, एरवी कोरडं, निरुपद्रवी. मशीन रोज चालतं तेव्हा आतली ऊब त्याला कोरडं ठेवते. अकरा दिवस बंद, तेही पडवीत, म्हणजे तेच मीठ ओलं होऊन तांब्याला खात बसलं. म्हणून पावसात मशीन लागत नसलं तरी दिवसाआड तासभर चालू ठेवायचं. आता उघडलंच आहेस तर रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसून घे.

आणि आता तुझं ते "ते सोडा". सोडायचं नाही. झिणझिण्या येतात म्हणजे तुझ्या सॉकेटात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. त्यांच्यातून झिरपणारं सगळं अर्थने घेऊन जायचं असतं. अर्थच नसेल तर पत्रा मधेच लटकतो, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण उद्या आत खरंच काही सुटलं तर त्या पत्र्याला जमिनीकडे जायला रस्ता तूच. मीटर आहे तोवर एसी रेंजवर फेज ते अर्थ माप, २३० च्या जवळ यायला हवं. जाणकार सोबत असेल तरच हां.

खारा_वारा, वेंगुर्ला

वायरमनच मीटर घ्यायला आला होता त्याच्याकडूनच मापून घेतलं. फेज न्यूट्रल २२६, फेज अर्थ ४०, तेही हलतंय. त्याने सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकाला वायरच नाही! घर १९८० च्या दशकातलं चिऱ्याचं, तेव्हा दोनच वायरी ओढलेल्या. तो म्हणतोय न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटातच जंपर मारून जोडतो, पाच मिनिटांचं काम, झिणझिण्या बंद. करू का?

सोल्डरगन, कुडाळ

नाही नाही नाही. झिणझिण्या बंद होतील आणि ज्या दिवशी न्यूट्रल कुठे सुटेल त्या दिवशी पूर्ण २३० कॅबिनेटवर येईल. त्याला चहा पाज आणि परत पाठव.

परशुरामाच्या_पायथ्याशी, चिपळूण

आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा मारताना चार फुटांवर कातळ लागला, जांभा, कुदळ उडते नुसती. शेवटी विहिरीच्या बाजूला नेला, तिथे माती होती आणि ओल कायम. कोळसा मीठ भरून पाइप घातला. एप्रिल मे मध्ये त्यात बादलीभर पाणी ओतायचं, नाहीतर जांभ्यात पाणी टिकत नाही, खड्डा कोरडा म्हणजे अर्थ नावापुरता.

सोल्डरगन, कुडाळ

बरोबर, जागा ओलीच बघायची. आणि ते मीठ लोखंडी पाइपला पण खातं हे लक्षात ठेव, दोन तीन वर्षांनी उकरून बघायचं. खड्डा होईपर्यंत मेन बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी तेवढा बसवून घे, अर्थ नसला तरी माणसातून करंट गेला की तो लाइन पाडतो.

खारा_वारा, वेंगुर्ला

आरसीसीबी उद्या बसवतोय, खड्डा पाऊस थांबला की विहिरीजवळ. रीसेटचं बटण पॉवर म्हणून चालतंय, फक्त एवढंसं आहे की बाबा पेनच्या टोकाने दाबतात.

एक शेवटचं, आता इंटरनेटवर कुठलीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. व्हायरस आला काय?

सोल्डरगन, कुडाळ

खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कुठली दाखवतोय?

खारा_वारा, वेंगुर्ला

१ जानेवारी २०१२.

परशुरामाच्या_पायथ्याशी, चिपळूण

व्हायरस नाही, तारीख चुकली की ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं चुकीची वाटतात. सेल बदल म्हणालो होतो ना मी 😄

माटवीतलो_नारळ, मालवण

बरा झाला. २०१२ च्या भावान हापूस ईक आता.