'शंभरामागे किती' यातला शंभर कोण?

एक सल्ला असा दिला जातो की दर शंभर कर्मचाऱ्यांमागे आयटीची माणसं किती, हे इतर कंपन्यांशी ताडून पाहावं आणि जास्त निघाली तर काम बाहेरच्या कंपनीला द्यावं. माझा आक्षेप त्या 'शंभर'वरच आहे. आमच्या कारखान्यात पटावर 2000 लोक, रोज लॉगिन करणारे जेमतेम 600. भागायचं कशाने? शिवाय व्हेंडरची, म्हणजे काम घेतलेल्या बाहेरच्या कंपनीची, 11 माणसं आमच्याच हॉलमध्ये बसतात, ती पटावर धरलेलीच नाहीत.

रात्रपाळीचा हिशेब तर सगळे विसरतात. आठवड्याचे तास 168. एक खुर्ची चोवीस तास भरलेली हवी तर 48 तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरलं की चार-पाच. कंपनी लहान असली म्हणून हा आकडा कमी होत नाही, त्यामुळे लहान कंपनीचं प्रमाण तक्त्यात फुगलेलंच दिसणार.

बाहेर देण्याला माझा विरोध नाही. पण जनरल मोटर्सचं बघा. तिथलं सुमारे 90 टक्के आयटी काम बाहेर होतं, आणि 2012 मध्ये तिथले आयटीप्रमुख रँडी मॉट यांनी तीन वर्षांत हे प्रमाण उलटं करायचं जाहीर केलं. हजारोंनी भरती करावी लागली.

हेल्पडेस्क खुशाल द्या. ईआरपीचे (खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र चालवणाऱ्या संगणकप्रणालीचे) धागेदोरे ठाऊक असलेली दोन माणसं मात्र पगारावर राहू द्या. आमच्या अशाच एक ताई सोडून गेल्या; पुढच्याच महिनाअखेरीला मालासोबत द्यायची चलनं छापायची थांबली आणि भरलेले ट्रक गेटवर सकाळपर्यंत उभे होते.